सरोवरांवरची जुनी मालवाहू जहाजे: कोणती पाहावीत, आणि त्यांवरचे आयुष्य कसे होते?

हिप्परगा (प्रश्न):

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवत होते. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर, मिशिगन, ह्युरन, ईरी आणि ओन्टॅरिओ ही पाच सरोवरे नकाशावर दाखवताना त्यांवरून लोहखनिज, कोळसा, चुनखडी आणि धान्य वाहून नेणाऱ्या जहाजांविषयी पाठ्यपुस्तकात जेमतेम एक ओळ येत असे, आणि ती ओळ मला कधीच पुरली नाही. पुढे मिळेल तेथून वाचत गेले आणि या जहाजांचा नादच लागला. समुद्रापासून इतक्या दूर, उजनीच्या फुगवट्यालाच मोठे पाणी म्हणणाऱ्या जिल्ह्यात हा नाद घरच्यांना विचित्र वाटतो, पण त्याला माझा इलाज नाही.

१८६९ साली क्लीव्हलँडमध्ये बांधलेल्या 'आर. जे. हॅकेट' या लाकडी जहाजात सुकाणूघर अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सगळी लांबी मालासाठी मोकळी, अशी रचना झाली आणि पुढे शंभर वर्षे तीच चालत राहिली, एवढे मला ठाऊक आहे. परंतु समुद्रावरची जहाजे पंचवीस-तीस वर्षांत भंगारात जात असताना ही जहाजे साठ-सत्तर वर्षे कशी टिकतात, आणि अशा लांबलचक जहाजावर माणसे हंगामभर कशी राहत असतील, हे कुणा जाणकाराकडून ऐकायचे आहे. माझी मुलगी आता क्लीव्हलँडला असते आणि येत्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे जाणार आहे. जावयांची रजा मोजकी असल्यामुळे फार तर दोन ठिकाणे पाहून होतील; ती कोणती असावीत?

एक विनंती आहे. या विषयावर कोठेही काही विचारले की चर्चा १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरियर सरोवरात २९ जणांसह बुडालेल्या 'एडमंड फिट्झगेराल्ड'पाशीच येऊन थांबते. त्या दुर्घटनेविषयी मी पुष्कळ वाचले आहे. मला बुडालेल्या जहाजापेक्षा चालत्या जहाजांविषयी जाणून घ्यायचे आहे.

बाळीवेस:

ताई, मी मर्चंट नेव्हीत इंजिन विभागात नोकरी केली. जवळजवळ सगळी नोकरी खाऱ्या पाण्यावर गेली, पण तरुणपणी एकदा धान्य भरण्यासाठी आमचे जहाज थेट सुपीरियरवरच्या थंडर बे बंदरापर्यंत गेले होते. नायगाराला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याच्या आठ लॉकमधून (पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणाऱ्या बंद कप्प्यांतून) जहाज ३२६ फूट वर चढते. त्या चढणीनंतर सेंट मेरीज नदीत समोरून एक सरोवरी जहाज आले, आणि ते आमच्या चीफ इंजिनिअर साहेबांपेक्षाही वयाने मोठे असल्याचे पायलटने सांगितले. आमचे जहाज त्याच्या निम्म्या वयाचेही नव्हते, तरी गंज खरवडून आणि रंग फासून आमचे खलाशी मेटाकुटीला आलेले होते.

टिकण्याचे मुख्य कारण गोडे पाणी हेच आहे. खारे पाणी पोलादाला ज्या वेगाने खाते, त्याच्या पासंगालाही गोडे पाणी पुरत नाही. दुसरे कारण सक्तीची विश्रांती. सुपीरियर आणि ह्युरन यांच्या पातळ्यांत सुमारे २१ फुटांचा फरक आहे, आणि तो पार करून देणारे सू (सू सेंट मेरी) येथील लॉक दर वर्षी १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात. त्या काळात जहाजे बंदरात बांधून ठेवतात, खलाशी घरी जातात आणि यंत्रे उघडून नीट दुरुस्त करतात. समुद्रावर आम्हाला अशी सवड कधी मिळाली नाही. शिवाय सांगाडा ठणठणीत असल्यामुळे मालक इंजिन बदलतो, जहाज बदलत नाही. १९०६ साली पाण्यात उतरलेले 'सेंट मेरीज चॅलेंजर' २०१३ पर्यंत स्वतःच्या इंजिनावर चालले, आणि त्यानंतरही त्याला भंगारात न काढता त्याचा बार्ज, म्हणजे दुसऱ्या बोटीने ढकलायचे बिनइंजिनाचे जहाज, करण्यात आला.

आता राहणीमानाविषयी. कप्तान, मेट, सुकाणूवाले आणि डेकवरचे खलाशी पुढच्या घरात राहत, तर इंजिनवाले, फायरमन आणि भंडारी मागच्या घरात. स्वयंपाकघर मागे असल्यामुळे पुढच्या मंडळींना जेवणासाठी दर वेळी पाचशे-सहाशे फूट डेक तुडवून जावे लागे. उन्हाळ्यात ती शतपावली ठरे, पण नोव्हेंबरच्या वादळात डेकवरून लाटा वाहू लागल्या की जुन्या जहाजांवर पुढच्या घरापासून मागच्या घरापर्यंत ताणलेल्या तारेच्या आधाराने जावे लागे, नाही तर उपाशी राहावे लागे. पुढच्या काळात डेकखाली दोन्ही अंगांना बोगदे आले. त्या बोगद्यात उभे राहून लांबवर पाहिले तर वादळात पलीकडचे टोक वर-खाली होताना दिसते, कारण एवढे लांब पोलाद लाटांवर लवते आणि ते लवावे अशीच त्याची बांधणी असते. लवले नाही तर मोडेल.

पाळ्या चार तास काम आणि आठ तास विश्रांती अशा असत. मात्र सुपीरियरच्या पश्चिम टोकापासून ईरीवरच्या बंदरापर्यंतचा प्रवास तीनेक दिवसांचाच असल्यामुळे आठवडाभरात दोन्ही टोकांना हॅच (डेकवरची माल भरण्याची तोंडे) उघडणे, बांधणे, दोर सांभाळणे हे सगळे पुन्हा येत असे, आणि खलाशाची विश्रांती त्यात मोडून पडे. धक्क्याला लागताना डेकवरचा पोऱ्या एका लाकडी पाटावर बसून डोलकाठीसारख्या आडव्या वाशाच्या साहाय्याने कठड्याबाहेर झुलत धक्क्यावर उतरे आणि दोर अडकवी. आपण ज्या जहाजाचे नाव टाळायला सांगितले आहे, त्याच्या २१ हॅच होत्या आणि प्रत्येकीच्या झाकणाला ६८ पकडी होत्या. सगळ्या आवळायच्या म्हणजे १,४२८ वेळा वाकायचे. बुडण्याच्या कारणांवर वाद घालणारे पुष्कळ आहेत, पण या वाकण्याचा विचार मात्र फार थोडे करतात.

कुर्डुवाडी नॅरोगेज:

मी रेल्वेच्या रनिंग स्टाफमधून निवृत्त झालो आहे, त्यामुळे फायरमन हा शब्द वाचून थांबलो. बाळीवेस साहेबांना विचारायचे आहे की कोळशाच्या जहाजावर फायरमनचे काम कसे असे, आणि एवढा माल उतरवीत कसा? होटगीजवळच्या औष्णिक प्रकल्पाला कोळसा घेऊन येणारी ५८ वाघिणींची रेक साधारण चार हजार टनांची असते. फिट्झगेराल्डमध्ये शेवटच्या फेरीला २६,००० टन खनिज होते असे वाचले. म्हणजे साडेसहा रेक एका जहाजात, आणि माणसे अवघी २९. आमच्याकडे एक रेक रिकामी होईपर्यंत किती जणांचा जीव टांगणीला लागतो, हे मला विचारा.

बाळीवेस:

काका, फायरमनचे काम आपण केले तसेच, फक्त डोक्यावर आभाळ नाही आणि वाटेत स्टेशन नाही. एक जण बंकरमधून (कोळशाच्या कोठारातून) कोळसा ओढून भट्टीपाशी आणून टाकी आणि दुसरा तो भट्टीत मारी, राख काढी व वाफेचा काटा सांभाळी. तेलावरचे बॉयलर आणि नंतर डिझेल आल्यावर ही माणसे जहाजावरून गेली.

माल भरण्यात कष्ट कमी होते, कारण खनिजाचे धक्के उंच बांधलेले असत आणि रेल्वेने वर आणलेले खनिज कप्प्यांतून पन्हळींद्वारे आपोआप होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या जागेत, उतरे. या पन्हळी बारा-बारा फुटांवर असत आणि जहाजाच्या हॅचही त्याच मापाने, म्हणजे बारा किंवा चोवीस फुटांवर ठेवलेल्या असत. उतरवणे हे खरे मरण होते. सुरुवातीला होल्डमध्ये माणसे उतरून फावड्याने खनिज भरीत. १८९९ साली ओहायोतील कॉनिऑट बंदरात जॉर्ज ह्युलेट यांचे यंत्र आले. त्याचा चालक दूर केबिनमध्ये न बसता यंत्राच्या उभ्या पायातच, जबड्याच्या बरोबर वर बसलेला असे, आणि प्रत्येक घासागणिक तो स्वतः होल्डच्या अंधारात खाली जाऊन वर येत असे. पुढच्या काळातली ही यंत्रे एका घासात १७ टन उचलीत. १९०८ च्या 'वायंडॉट' या जहाजापासून होल्डखाली पट्टे आणि डेकवर लांब बाहू बसवून जहाजानेच स्वतःला रिकामे करण्याची पद्धत रुजली, आणि आज बहुतेक जहाजांवर तीच आहे.

मुक्काम टोलेडो:

मी मूळचा सोलापूरचा, टिळक चौकातला. सध्या ओहायोत असतो. हिप्परगा ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

क्लीव्हलँडमध्येच 'विल्यम जी. मॅथर' उभे आहे. १९२५ सालचे, ६१८ फुटांचे हे जहाज आपल्या कंपनीचे मानाचे जहाज होते. १९४१ च्या वसंतात युद्धासाठी खनिज हवे होते, तेव्हा बर्फ फोडत डुलुथकडे गेलेल्या १३ जहाजांच्या तांड्याच्या अग्रभागी हेच होते. १९५४ मध्ये त्याचे जुने इंजिन काढून टर्बाइन बसवले. मार्गदर्शक आपल्याला मालकाच्या पाहुण्यांसाठी सजवलेल्या खोल्या आवर्जून दाखवतील, त्या पाहाव्यात, पण तेथे रेंगाळू नये असे माझे मत आहे. मागच्या बाजूला जाऊन अधिकाऱ्यांचे जेवणघर आणि खलाशांचे जेवणघर वेगवेगळे कसे होते, स्वयंपाकघराच्या किती जवळ इंजिनाची धग होती, हे पाहावे. चांगले जेवण मिळाले नाही तर खलाशी पुढच्या हंगामाला दुसऱ्या जहाजावर जात, म्हणून कंपन्या इतरत्र हात आखडता घेत असल्या तरी ताटात घेत नसत. जिने मात्र उभे आणि अरुंद आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर सावकाश जावे.

माझ्या गावातही १९११ सालचे 'कर्नल जेम्स एम. स्कूनमेकर' आहे आणि क्लीव्हलँडहून दोन तासांत पोचता येते. तरीही दोनच ठिकाणे पाहायची असतील तर मी माझ्या गावाचा आग्रह सोडून सू सेंट मेरीला जाण्याचा सल्ला देईन. मोटारीने पूर्ण दिवस लागतो, पण तेथे १९१७ सालचे 'व्हॅली कॅम्प' हे संग्रहालय झालेले जहाज आहे, जे शेवटपर्यंत कोळशावर चालले, आणि हाकेच्या अंतरावर लॉकमधून चालती जहाजे जाताना दिसतात. तेथील सर्वांत मोठा पो लॉक ११० फूट रुंद आहे आणि हजार फुटी जहाजे १०५ फूट रुंद असतात. म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट. एवढ्या फटीतून ते धूड आत शिरताना पाहिले की सुकाणूवाल्याच्या हाताची किंमत कळते. फिट्झगेराल्डच्या दोन जीवनरक्षक नौकाही 'व्हॅली कॅम्प'वर ठेवलेल्या आहेत. आपण तो विषय नको म्हणालात, तरी त्या मोडलेल्या पत्र्यांसमोर थांबणे टाळता येणार नाही.

वाटेत डेट्रॉईट लागेल. तेथील नदीत १८९५ पासून एक छोटी बोट चालत्या जहाजांना टपाल पोचवत आली आहे. जहाज थांबत नसे. वरून दोराला बांधलेली बादली खाली सोडत आणि बोटीवाले तीत पत्रे टाकत. त्या बोटीला अमेरिकी टपालखात्याने ४८२२२ हा स्वतंत्र पिनकोड दिला होता.

हिप्परगा:

सर्वांचे मनापासून आभार. बाळीवेस साहेबांनी सांगितलेली तार आणि बोगदा डोळ्यांसमोरून हलत नाही. 'मॅथर' आणि सू हे दोन्ही आता नक्की केले. जावयांना मोटारीने पूर्ण दिवसाचे सांगितल्यावर त्यांनी मुलीकडे पाहिले आणि मुलीने माझ्याकडे, पण नाही कुणी म्हणाले नाही. एकच शंका राहिली. सूला आम्ही एकच रात्र राहू शकू. त्या वेळेत एकही मोठे जहाज आले नाही तर काय करावे? आणि महिना कोणता बरा?

मुक्काम टोलेडो:

ताई, तशी वेळ सहसा येत नाही, कारण सुपीरियरमधून खाली उतरणारे सगळे खनिज त्याच लॉकमधून येते आणि हंगामात ते काम रात्रीही चालू असते. लॉकशेजारच्या माहिती केंद्रात त्या दिवशी येणाऱ्या जहाजांची नावे आणि अंदाजे वेळा लावलेल्या असतात. पोचल्याबरोबर आधी त्या पाहाव्यात आणि 'व्हॅली कॅम्प' मधल्या रिकाम्या वेळात उरकावे. महिना जून धरावा. संग्रहालये थंडीत बंद असतात आणि मे महिन्यात सुपीरियरवरून येणारे वारे सोलापूरकरांना सोसणारे नसतात. जूनमध्येही एक स्वेटर हाताशी असू द्यावा.