समितीने बदललेले विधेयक मांडले त्याच दिवशी मंजूर होऊ शकते का? चर्चेची तारीख नेमकी कोण ठरवते?

रामबागकर (इंदूर)

सर्वांना नमस्कार. मी व्यवसायाने करसल्लागार आहे आणि हा प्रश्न नव्या आयकर कायद्याच्या अभ्यासातून पडला आहे. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्यासाठी तो विचारत नाही, हे आधीच सांगतो.

घटनाक्रम असा. आयकर विधेयक 13 फेब्रुवारी 2025 रोजी लोकसभेत मांडले गेले आणि बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील 31 सदस्यांच्या प्रवर समितीकडे (विधेयकाची छाननी करण्यासाठी नेमलेल्या खासदारांच्या समितीकडे) सोपवले गेले. समितीने 21 जुलैला आपला अहवाल सादर केला; त्यात 285 शिफारशी होत्या. शुक्रवारी, 8 ऑगस्टला सरकारने मूळ विधेयक मागे घेतले. सोमवारी, 11 ऑगस्टला ‘आयकर (क्रमांक 2) विधेयक’ मांडले गेले आणि त्याच दिवशी, गदारोळ चालू असताना, काही मिनिटांत आवाजी मतदानाने मंजूरही झाले. दुसऱ्या दिवशी ते राज्यसभेतूनही मार्गी लागले. 536 कलमे आणि 16 अनुसूची असलेला, 1961 च्या कायद्याची जागा घेणारा हा कायदा आहे.

दोन्ही मसुद्यांत फरक किती, हे एका उदाहरणावरून सांगतो. फेब्रुवारीच्या मसुद्यातील खंड 263 नुसार, ज्याला परतावा हवा असेल त्याने विवरणपत्र मुदतीच्या आतच भरणे आवश्यक होते. सियागंजातील एखादा किराणा व्यापारी आजारपणामुळे मुदत चुकला, तर त्याच्याकडून जास्त कापला गेलेला कर सरकारजमाच राहिला असता. समितीने ही अट काढण्याची शिफारस केली आणि नव्या विधेयकात ती निघाली. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु असे चांगले बदल कोणते, कोणत्या शिफारशी डावलल्या आणि समितीने न सुचवलेले बदल कोणते आले, हे सभागृहात एकदाही बोलले गेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आमच्या वाचनमंडळात यावर बराच वाद झाला. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, समितीने महिनोन्महिने काम केल्यावर पुन्हा चर्चेसाठी दिवस मागणे म्हणजे वेळकाढूपणा. मला ते पटत नाही. बदललेला मसुदा वाचायला खासदारांना ठरावीक अवधी मिळावा, असा काही नियम आहे का? असल्यास तो येथे का लागू झाला नाही?

वकील_इंदूर_खंडपीठ

रामबागकर काका, नियम आहे. तो पुरेसा स्पष्टही आहे. मात्र त्यातच त्याला वळसा घालण्याची वाटही ठेवलेली आहे.

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील नियम 74 नुसार, विधेयक मांडल्यानंतर प्रभारी मंत्री ते विचारात घेण्याचा, समितीकडे पाठवण्याचा किंवा जनमतासाठी प्रसृत करण्याचा प्रस्ताव मांडू शकतो. त्याच नियमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीत, म्हटले आहे की, विधेयकाच्या प्रती दोन दिवस आधी उपलब्ध झाल्या नसतील तर कोणताही सदस्य हरकत घेऊ शकतो आणि ती हरकत टिकते. मात्र अध्यक्षांनी प्रस्ताव मांडू दिल्यास ती टिकत नाही. समितीच्या अहवालासाठी नियम 77 मध्ये अशीच दोन दिवसांची तरतूद आहे. म्हणजे वाचनाचा अवधी हा सदस्याचा हक्क आहे, पण तो शेवटी अध्यक्षांच्या विवेकावर अवलंबून आहे.

आता येथील खरी अडचण पाहा. समितीने सुधारलेले विधेयकच थेट विचारात घेतले असते, तर चर्चा नियम 77 च्या वाटेने झाली असती आणि अहवाल व मसुदा शेजारी शेजारी ठेवून सदस्य बोलले असते. सरकारने जुने विधेयक मागे घेऊन नवे मांडले, तेव्हा नियमांच्या दृष्टीने ते विधेयक त्या दिवशी जन्मले. अहवाल तीन आठवडे सदस्यांच्या हाती होता हे खरे, परंतु तो साडेचार हजारांहून अधिक पानांचा अहवाल जुन्या विधेयकावरचा होता. नव्या विधेयकाच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात सरकारने स्वतःच म्हटले आहे की, समितीच्या जवळपास सर्व शिफारशी स्वीकारल्या असून त्याखेरीज इतर सूचनांनुसारही बदल केले आहेत. त्या ‘जवळपास’ आणि ‘त्याखेरीज’मध्ये काय काय आले, हे तपासण्यासाठीच वाचनाचा अवधी लागतो.

तारखेबद्दल लोकांचा नेहमी गोंधळ होतो. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. तिचे अध्यक्षपद लोकसभा अध्यक्षांकडेच असते आणि तिच्यात जास्तीत जास्त 15 सदस्य असतात. मात्र कोणत्या दिवशी कोणते सरकारी काम आधी घ्यायचे, हे नियम 25 नुसार सभागृह नेत्याशी विचारविनिमय करून अध्यक्ष ठरवतात. म्हणून तास मिळूनही दिवस गैरसोयीचा असेल, तर विरोधी सदस्यांच्या हातात फारसे काही उरत नाही. या सल्लागार समितीचा अहवाल सभागृहात प्रस्ताव मांडून स्वीकारला जातो आणि तो पुनर्विचारासाठी परत पाठवण्याची दुरुस्तीही सुचवता येते; पण त्या प्रस्तावावरील चर्चेला अर्ध्या तासाची मर्यादा आहे.

शिवाय दुरुस्ती सुचवायची असेल तर नियम 79 नुसार एक दिवस आधी सूचना द्यावी लागते. विधेयक मांडले त्याच दिवशी ते विचारात घेतले, तर सामान्य सदस्य ही सूचना देणार कधी? माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे. चर्चेच्या भाषणांपेक्षाही दुरुस्ती मांडण्याचा हक्क मोठा असतो आणि घाईत तोच आधी जातो.

माळवाकर

वकीलताईंनी नियम नेमके मांडले आहेत, परंतु दुसरी बाजूही नोंदवली जावी असे वाटते.

मूळ विधेयक तसेच ठेवून शेकडो सरकारी दुरुस्त्या मांडल्या असत्या, तर प्रत्येक खंडापाशी थांबून मतदान घ्यावे लागले असते आणि कोणती ओळ बदलली हे सामान्य वाचकाला कधीच कळले नसते. सर्व बदल एकत्र करून एकच स्वच्छ मसुदा आणणे हे वाचकाच्या सोयीचेच आहे. सरकारने मागे घेण्याचे कारणही तेच दिले होते. दुसरे असे की, त्या दिवसांत विरोधी पक्ष बिहारमधील मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणावर चर्चा मागत होते आणि त्यावरून सभागृह चालत नव्हते. चर्चेसाठी चार दिवस ठेवले असते, तरी ते चार दिवस घोषणाबाजीतच गेले असते, ही शक्यता नाकारता येत नाही. चर्चा न होण्याची जबाबदारी एकट्या सरकारवर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

आपल्याकडे अशी कामे नीट झाल्याचीही उदाहरणे आहेत. वस्तू व सेवा कराचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने मे 2015 मध्ये मंजूर केले होते. राज्यसभेने ते 3 ऑगस्ट 2016 रोजी बदलांसह मंजूर केले. आंतरराज्य व्यापारावरील एक टक्का अतिरिक्त कर त्यातून गेला, ही काही किरकोळ गोष्ट नव्हती. बदललेले विधेयक लोकसभेत 8 ऑगस्टला आले, त्यावर सविस्तर चर्चा झाली आणि 443 विरुद्ध शून्य मतांनी ते मंजूर झाले. तेव्हा अध्यक्षपदी आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन होत्या.

सयाजीगंज_वडोदरा

माळवाकर, आपण दिलेले उदाहरण योग्य आहे, मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. सुमित्राताई अध्यक्षपदी असतानाच 14 मार्च 2018 रोजी वित्त विधेयक आणि सर्व अनुदान मागण्या (मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या) गोंधळात, चर्चेविना, सुमारे अर्ध्या तासात मंजूर झाल्या. अध्यक्ष त्याच, नियम तेच. फरक एवढाच की 2016 मध्ये वेळापत्रकावर पक्षांचे आधी एकमत झाले होते आणि 2018 मध्ये ते झाले नव्हते. त्यामुळे अध्यक्षांच्या व्यक्तिमत्त्वावर सगळे अवलंबून असते, असे मी मानत नाही. प्रश्न कामकाज सल्लागार समितीत खरी वाटाघाट होते की नाही, हा आहे. ही समिती लोकसभेत 1952 साली स्थापन झाली, तेव्हा अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर होते. त्यांचा जन्म आमच्या बडोद्यातला, म्हणून येथील मराठी मंडळींना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी आहे. सरकारने अध्यादेशांचा सोपा मार्ग वारंवार धरू नये, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळवले होते. सभागृहाचा वेळ हा सरकारच्या मर्जीचा विषय नाही, हा त्यांचा आग्रह होता.

ब्रिटनमधील एक प्रसंग या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या कराराचे 110 पानांचे विधेयक ऑक्टोबर 2019 मध्ये आले आणि बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने ते कॉमन्स सभागृहात तीन दिवसांत पूर्ण करण्याचे वेळापत्रक मांडले. तेथे वेळापत्रकाच्या प्रस्तावावर स्वतंत्र मतदान होते. 22 ऑक्टोबरला सभागृहाने विधेयक तत्त्वतः 329 विरुद्ध 299 मतांनी स्वीकारले, आणि त्यानंतर लगेच वेळापत्रक मात्र 322 विरुद्ध 308 मतांनी फेटाळले. विधेयकाला होकार देणाऱ्या काही सदस्यांनीही वाचायला अधिक वेळ मागितला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे निवडणूक झाली आणि तेच विधेयक बरेच बदलून जानेवारी 2020 मध्ये कायदा झाले. आपल्याकडे पक्षांतरबंदी कायद्यामुळे आणि पक्षादेशामुळे सत्ताधारी सदस्याला अशी भूमिका घेणे जवळपास अशक्य आहे.

दुसरी_पिढी

समितीने केलेले बदल निदान अहवालात दिसतात. मला अधिक त्रास होतो तो ऐनवेळी आलेल्या सरकारी दुरुस्त्यांचा. वित्त विधेयक 2023 लोकसभेत 24 मार्चला 64 सरकारी दुरुस्त्यांसह, चर्चेविना मंजूर झाले. डेट म्युच्युअल फंडांवरील (मुख्यतः रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांवरील) दीर्घकालीन भांडवली नफ्याची सवलत त्या दुरुस्त्यांतून गेली; 1 फेब्रुवारीच्या विधेयकात ती गोष्टच नव्हती. नियम 1 एप्रिलपासूनच्या गुंतवणुकीला लागू झाला. माझ्या आईबाबांसारख्या निवृत्त माणसांना त्यावर विचार करायला आठवडाभर मिळाला, आणि खासदारांना तर तेवढाही नाही.

रामबागकर

सर्वांचे आभार. या उत्तरांमुळे माझ्या मनातील प्रश्न अधिक नेमका झाला.

माळवाकरांचा स्वच्छ मसुद्याचा मुद्दा मला मान्य आहे. दोन्ही मसुदे मांडीवर घेऊन बसणाऱ्याला त्याची किंमत कळते. परंतु स्वच्छ मसुदा आणि त्याच दिवशीची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही फौजदारी कायद्यांची विधेयके डिसेंबर 2023 मध्ये अशीच मागे घेतली गेली आणि 12 डिसेंबरला नव्याने मांडली गेली; लोकसभेत त्यांची मंजुरी 20 डिसेंबरला झाली. मधला आठवडा तरी मिळाला. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून 146 सदस्य निलंबित होते आणि त्यामुळे चर्चा एकतर्फी झाली, हा वेगळा आणि तितकाच गंभीर विषय आहे. तरीही वाचायला अवधी देता येतो, हे त्यातून दिसते.

सभागृह चालत नव्हते म्हणून चर्चा ठेवली नाही, हे कारण मला अपुरे वाटते. झडतीच्या वेळी अधिकाऱ्याला करदात्याच्या ई-मेल आणि समाजमाध्यम खात्यांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार देणारे कलम 247 फेब्रुवारीच्या मसुद्यात होते आणि ऑगस्टच्या मसुद्यातही कायम राहिले. माझ्या पक्षकारांनी सर्वाधिक भीतीने विचारलेली तरतूद हीच आहे. त्यावर एका जरी सदस्याने दुरुस्ती मांडली असती आणि मंत्र्यांनी उत्तर दिले असते, तर ते उत्तर उद्या अपिलात आम्हाला उपयोगी पडले असते.

वकीलताईंना एकच विचारतो: दोन दिवसांचा नियम पाळला गेला नाही, म्हणून कायद्याला न्यायालयात आव्हान देता येते का?

वकील_इंदूर_खंडपीठ

काका, त्या आधारावर नाही. घटनेच्या अनुच्छेद 122 नुसार, कार्यपद्धतीतील कथित अनियमिततेच्या कारणावरून संसदेच्या कामकाजाची वैधता प्रश्नांकित करता येत नाही. एखादे विधेयक धन विधेयक (केवळ कर, सरकारी खर्च अशा बाबींचे, ज्यावर राज्यसभेला फक्त शिफारस करता येते) म्हणून प्रमाणित करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने काही प्रमाणात दखल घेतली आहे. रॉजर मॅथ्यू प्रकरणात नोव्हेंबर 2019 मध्ये तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. पण प्रती दोन दिवस आधी मिळाल्या नाहीत, ही तक्रार सभागृहातच आणि त्याच क्षणी मांडावी लागते. प्रस्ताव मंजूर झाल्यावर ती निरर्थक ठरते.

कलम 247 बद्दल मात्र वाट पूर्ण बंद नाही. तरतुदीच्या आशयाला खासगीपणाच्या मूलभूत हक्काच्या आधारे आव्हान देता येते आणि तेथे अनुच्छेद 122 आड येत नाही. मंत्र्यांचे सभागृहातील उत्तर नसले, तरी प्रवर समितीचा अहवाल आणि त्यातील खंडनिहाय निरीक्षणे अर्थनिर्णयासाठी न्यायालयापुढे ठेवता येतात. अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. आपल्या टिपणांत प्रत्येक कलमापुढे फेब्रुवारीतील शब्दरचना, समितीची शिफारस आणि अंतिम शब्दरचना अशा तीन रकान्यांचा तक्ता असेल, तर तो कृपया येथे टाकावा. खंडपीठात काम करणाऱ्या आम्हा सर्वांना तो हवा आहे.