पीव्हीए-चांदी फिल्म: मास्कने झाकलेला भागही पिवळा पडतो

कोथरूडकर:
प्रकाश पडेल तिथेच चांदीचे पिवळे दिसणारे सूक्ष्म कण बनवून नक्षी काढायचीय. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं प्लास्टिक), त्यात ०.५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट. काचेवर २००० आरपीएमला स्पिन कोट (काच फिरवून पातळ थर). मास्क म्हणजे ओएचपी शीटवरचा (प्रोजेक्टरची पारदर्शक शीट) लेझर प्रिंट. २५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा २० मिनिटं, मग १३० अंशांवर १५ मिनिटं बेक. नक्षी पुसट, झाकलेला भागही पिवळा. शोषणाचं शिखर (फिल्म सर्वात जास्त प्रकाश शोषते ती तरंगलांबी) ४३० नॅनोमीटरला, बरंच रुंद. हाच रंग लालकडे नेता येईल का?

रासायनिक_पुणेकर:
झाकलेला भाग दिव्याने नाही, ओव्हनने पिवळा केलाय! पीव्हीएचे हायड्रॉक्सिल गट स्वतःच चांदीच्या आयनांचं क्षपण करतात, म्हणजे त्यांची धातूरूप चांदी बनवतात, १३० अंशांवर त्यांना यूव्ही लागत नाही. बेक ८०-९० अंशांवर आणा. दुसरं, ओएचपी शीट पॉलिएस्टरची असते, तिच्या पारदर्शक भागातूनही २५४ जवळजवळ जात नाही. क्वार्ट्झवरचा क्रोम मास्क घ्या, क्रोमची बाजू फिल्मला टेकवून. खर्च नको असेल तर पातळ धातूच्या पत्र्याची स्टेन्सिल चालेल. पत्रा फिल्मपासून जरा जरी उचललेला राहिला तरी कडा पसरतात.

पाषाण_लॅब:
उरलेले आयन काढले नाहीत तर उन्हाने सगळी फिल्म हळूहळू तपकिरी होणारच. एक्स्पोजरनंतर मिथेनॉलमध्ये २-३ मिनिटं बुडवा, फ्यूम हुडमध्येच. नायट्रेट त्यात थोडं विरघळतं, पीव्हीए नाही. पाण्याने धुतलंत तर फिल्मच सुटेल. द्रावण डिस्टिल्ड पाण्यातच करा आणि गडद बाटलीत ठेवा. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे पांढुरका गढूळपणा येतो. पावसाळ्यात फिल्म ओल धरते, तेव्हा डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) रात्रभर ठेवूनच एक्स्पोज करा.

कोथरूडकर:
आणि लाल?

रासायनिक_पुणेकर:
गोल, सुटे चांदीचे कण पीव्हीएत ४००-४३० च्या आसपासच राहतात. बेक वाढवून फक्त कण वाढतील, लहानमोठे होतील आणि शिखर आणखी पसरेल. सोनं घ्या, क्लोरोऑरिक आम्लाने (सोन्याचं संयुग) शिखर ५२०-५४० ला येतं. तेच द्रावण सिल्व्हर नायट्रेटमध्ये मात्र मिसळू नका, लगेच सिल्व्हर क्लोराइड खाली बसेल.

चांदीच हवी तर ताणा. पेट्री डिशमध्ये द्रावण ओतून जाड, सुटी फिल्म वाळवा, क्षपण झाल्यावर १०० अंशांच्या वर गरम करून ३-४ पट ओढा. कण ताणाच्या दिशेने माळेसारखे रांगेत येतात. ध्रुवित (एकाच दिशेने कंप पावणारा) प्रकाश ताणाला समांतर असला तर शिखर लालकडे सरकतं, आडवा धरला तर पिवळाच रंग दिसतो. एकाच फिल्मचे दोन रंग, फक्त पोलरायझर फिरवायचा.

पाषाण_लॅब:
ताणताना नक्षीही लांबते नि रुंदीला आकसते, हे मास्क आखतानाच धरा. चौकोन हवा असेल तर मास्कवर ताणाच्या दिशेला आडवा आयत काढा.