टेसच्या डेटात वॉस्प-१८ बीचा खड्डा बिघडतोय, आवर्तकाळही दुप्पट येतोय

धंतोली_दुर्बीण

टेस या नासाच्या ग्रहशोधक अवकाश दुर्बिणीचा, सेक्टर २ (आकाशाचा एक पट्टा) मधला वॉस्प-१८ या ताऱ्याचा दर दोन मिनिटांचा डेटा मास्ट या ऑनलाइन संग्रहातून उतरवला आहे. पायथनचं लाइटकर्व्ह पॅकेज, टेसच्या प्रक्रिया केंद्राची (एसपीओसी) दुरुस्त केलेली पीडीसीसॅप लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख. कॉलेजच्या मुलांना बाह्यग्रह शोधून दाखवायचा आहे, म्हणून मुद्दाम सोपा ग्रह निवडला. आवर्तकाळ ०.९४१४५ दिवस, ट्रान्झिट (ग्रह ताऱ्यासमोरून जाणं, तेव्हा तेजात खड्डा पडतो) सुमारे २.२ तासांचं, खोली जवळपास १ टक्का. तरी तीन गोष्टी जुळत नाहीत.

रिमूव्ह-आउटलायर्स (भलतीकडे उडालेले बिंदू काढणारं फंक्शन) ३ सिग्मावर, म्हणजे प्रमाण विचलनाच्या तिप्पट मर्यादेवर चालवलं की खड्डे जवळजवळ गायबच होतात. ते वगळून नुसतं फ्लॅटन केलं, म्हणजे तेजाचा संथ चढउतार सपाट केला (खिडकी डिफॉल्ट, म्हणजे १०१ बिंदू) तर खड्डे राहतात, पण तळ मधोमध वर फुगलेला आणि दोन्ही कडांना बाहेरून शिंगं आल्यासारखी. खोली अर्थातच भलतीच कमी. आणि बीएलएसमध्ये (ठराविक काळाने येणारे खड्डे शोधणारी पद्धत) १ ते १० दिवस शोधलं तर सगळ्यात उंच शिखर १.८८३ दिवसांवर येतं.

डेटा खराब आहे का? सेक्टर ३ घेऊन पाहू? शिवाय मुलं विचारणारच: हा ग्रह नागपुरातून ८ इंची दुर्बिणीने पकडता येईल का?

सावजी_सिग्मा

डेटा ठणठणीत आहे भाऊ. सेक्टर बदलून काही होणार नाही, तिन्ही घोळ साफसफाईतले आहेत.

आउटलायर्सचं आधी. ग्रह २२.६ तासांत एक फेरी मारतो आणि त्यातले २.२ तास ताऱ्यासमोर असतो. म्हणजे जवळपास १० टक्के बिंदू खड्ड्यातले. १ टक्का खोलीचे १० टक्के बिंदू असले की नुसत्या त्यांच्यामुळेच प्रमाण विचलन होतं ०.१ गुणिले ०.९ चं वर्गमूळ, म्हणजे ०.३ टक्के. तीन सिग्मा झाले ०.९ टक्के. खड्ड्याचा तळ त्याच्याही खाली, म्हणून पहिल्या फेरीत तो कापला जातो. फंक्शन तिथेच थांबत नाही. तळ गेला की विचलन घटतं, दुसऱ्या फेरीत उरलेल्या भिंतीही जातात. ५ सिग्माला हे होत नाही, पण तो या ग्रहापुरता योगायोग समजा. ट्रान्झिटच्या डेटात खालच्या बाजूला कात्री लावायचीच नाही. सिग्मा-अपर ३ किंवा ४ ठेवा, सिग्मा-लोअर २० करून टाका. वैश्विक किरणांचे वगैरे उडालेले बिंदू बहुतेक वरच्या अंगालाच असतात.

आवर्तकाळाचं तर सोपं आहे. तुम्ही शोध १ दिवसापासून सुरू केलाय आणि खरा आकडा ०.९४! तो यादीतच नाही म्हटल्यावर बीएलएस त्याची दुप्पट पकडणार, ०.९४१४५ दुणे १.८८२९. खातरजमा करायची तर १.८८३ वर फोल्ड करून (सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवून) आलेख पाहा. एक खड्डा शून्यावर दिसेल आणि तितकाच खोल दुसरा आलेखाच्या दोन टोकांना अर्धा-अर्धा चिकटलेला. असा जुळा दिसला की आवर्तकाळ निम्मा करा. शोध ०.५ ते ५ दिवस ठेवा, ड्युरेशनला ०.०५ ते ०.१५ दिवस द्या (२.२ तास म्हणजे ०.०९ दिवस). ड्युरेशन किमान आवर्तकाळापेक्षा मोठं दिलं तर बीएलएस एरर देऊन बसतं, तेवढं सांभाळा.

खिडकी४०१

शिंगांबद्दल मी सांगतो, कारण तिथेच जास्त लोक फसतात.

फ्लॅटन आतून सॅवित्स्की-गोले गाळणी चालवतं. प्रत्येक बिंदूभोवती एक खिडकी घ्यायची, तिच्यात द्विघाती वक्र बसवायचा, त्या वक्राने भागायचं. १०१ बिंदू गुणिले २ मिनिटं म्हणजे २०२ मिनिटं, आणि खड्डा आहे १३० मिनिटांचा. खिडकी खड्ड्याच्या मधोमध आली की तिचा जवळपास दोन तृतीयांश भाग खड्ड्यातच असतो. वक्र बिचारा खड्ड्यालाच तारा समजून खाली जातो, भागाकार केला की तळ पुन्हा १ च्या आसपास येतो. कडेवर वक्र अर्ध्या उंचीवर असतो, म्हणून कडेच्या आत खळगा उरतो आणि बाहेर शिंग. तुमच्या आलेखात दिसतंय ते हेच.

खिडकी ट्रान्झिटच्या तिप्पट ठेवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. इथे तो अपुरा आहे. कागदावर हिशोब केला तर ४०१ ची खिडकी, म्हणजे १३.४ तास, ट्रान्झिटच्या सहापट असूनही चौकोनी खड्ड्याच्या मध्यावर साधारण एक तृतीयांश खोली गिळते. फ्लॅटनमधलं सिग्मा-क्लिपिंग यातलं काही वाचवतं, पण नेमकं किती ते गोंगाटावर ठरतं, त्यावर विसंबू नका. उपाय मास्क हाच, म्हणजे ट्रान्झिटमधले बिंदू झाकून ठेवणं. क्रम असा ठेवा:

आधी फ्लॅटन न करता, फक्त नॉर्मलाइझ करून (नेहमीचं तेज १ धरून) बीएलएस चालवा. वॉस्प-१८ ची पीडीसीसॅप पुरेशी शांत आहे, शिखर स्वच्छ येतं. तिथून आवर्तकाळ, ट्रान्झिटची वेळ आणि ड्युरेशन घ्या. ड्युरेशन दीडपट करून क्रिएट-ट्रान्झिट-मास्कला द्या आणि तो मास्क फ्लॅटनमध्ये टाका, खिडकी ४०१. मास्क उलटा करायचा नाही! ट्रान्झिटमधले बिंदू 'ट्रू' असतात आणि फ्लॅटनला तेच हवं असतं: ते सोडून वक्र बसवतो, मधलं अंतर जोडून घेतो. मग फोल्ड करा.

धंतोली_दुर्बीण

केलं. शिंगं गेली, तळ नीट आला, आवर्तकाळ ०.९४१. आता उलटं झालंय: मध्यावर खोली १ टक्क्याच्या किंचित वर येते. ग्रह-तारा त्रिज्यांचं गुणोत्तर ०.०९७, त्याचा वर्ग ०.९४ टक्के. हा फरक कुठून आला? आणि सॅप (दुरुस्तीआधीची कच्ची लाइट कर्व्ह) वापरली तर खोली पीडीसीसॅपशी तंतोतंत का जुळत नाही?

खिडकी४०१

फरक बरोबर आहे, काही दुरुस्त करू नका. ताऱ्याची चकती मध्ये जास्त तेजस्वी, कडेला मंद. ग्रह मधल्या भागावरून जातो तेव्हा सरासरीपेक्षा उजळ तुकडा झाकतो, म्हणून खड्डा वर्गापेक्षा थोडा खोल आणि तळ वाटीसारखा गोल. मुलांकडून आकडेमोड करून घेताना खोलीचं वर्गमूळ जरा मोठं येईल, ते या कडेच्या मंदपणामुळे (लिम्ब डार्कनिंग), असं आधीच सांगून ठेवा. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सव्वापट धरली तर ग्रह गुरूच्या सुमारे १.२ पट निघतो.

सॅपचं कारण टेसचा पिक्सेल. तो २१ आर्कसेकंदांचा आहे, केप्लर या आधीच्या ग्रहशोधक दुर्बिणीचा ४ होता. शेजारचे तारे हमखास त्याच चौकोनात येतात आणि त्यांचा उजेड खड्डा पातळ करतो. फाइलच्या हेडरमध्ये क्राउडसॅप नावाचा आकडा असतो. तो ०.८० असेल तर निव्वळ ८० टक्के उजेड तुमच्या ताऱ्याचा आणि सॅपमधली खोली खऱ्याच्या ०.८ पट. पीडीसीसॅपमध्ये ही वजावट झालेली असते.

एक गोष्ट मात्र फ्लॅटनच्या आधीच्या लाइट कर्व्हवरच करा. फोल्ड करून बिंदूंचे गठ्ठे पाडले की अर्ध्या फेरीवर ०.०३४ टक्क्यांचा बारीक दुय्यम खड्डा दिसतो, ग्रह ताऱ्यामागे जातो तेव्हाचा. मुलांना खरी गंमत इथे येईल. फेरीत दोनदा होणारा तेजाचा चढउतारही आहे, कारण गुरूच्या दहापट वस्तुमानाचा हा ग्रह ताऱ्याला ओढून लांबट करतो. त्या चढउताराचा काळ ११.३ तास आणि तुमची खिडकी १३.४ तासांची. फ्लॅटन त्याची पार मोडतोड करतं.

रामटेक_रोड

नागपुरातून वॉस्प-१८ चा नाद सोडा. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे ४५.७ अंश, आपलं अक्षांश २१.१५. ऐन मध्यमंडलावरही (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) तो २३ अंशांच्या वर चढत नाही. इतक्या जाड हवेतून शहराच्या धुरकट क्षितिजावर १ टक्का मोजणं अवघड.

त्याऐवजी एचडी १८९७३३ हा ग्रह असलेला तारा घ्या. क्रांती अधिक २२.७, म्हणजे आपल्या डोक्यावरून जेमतेम दीड अंश बाजूने जातो. प्रत (तेजस्वितेचा आकडा) ७.७, खोली २.४ टक्के, ट्रान्झिट १.८ तासांचं. जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या (एम-२७) अगदी शेजारी, म्हणून शोधायलाही सोपा. जुलैत मध्यरात्री माथ्यावर असतो, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस. १५ ऑक्टोबरच्या सुमारास संध्याकाळी पावणेसातला मध्यमंडल ओलांडतो. अंधार पडेपर्यंत तो पश्चिमेला गेलेला असतो, त्यामुळे जर्मन माउंटला (दुर्बिणीच्या बैठकीचा एक प्रकार) मध्येच पलटी मारावी लागत नाही. ट्रान्झिटच्या ऐन मध्यावर पलटी आली की आलेखात पायरी पडते आणि ती कशाने पुसत नाही. सात ते साडेदहा अशी सलग खिडकी मिळते, शेवटी उंची ३६-३७ अंश उरते.

८ इंचाला हा तारा फार तेजस्वी आहे, खरी अडचण ती. प्रतिमा मुद्दाम थोडी आउट ऑफ फोकस करा, शिखर संपृक्ततेच्या (पिक्सेल पूर्ण भरण्याच्या) निम्म्यावर राहील असं एक्स्पोजर ठेवा. तुलनेचा तारा त्याच चौकटीत हवा. फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे दुरुस्तीसाठीचे फोटो) त्याच रात्रीचे, त्याच फोकसला घ्या. पेंच आता डार्क स्काय पार्क आहे खरं, पण या कामाला तिथवर जायची गरज नाही. ७.७ प्रतीला अंधारापेक्षा पातळ ढग नसणं महत्त्वाचं.

आवर्तकाळ २.२१८५७ दिवस. नऊ फेऱ्या म्हणजे २० दिवसांना ४७ मिनिटं कमी. आज रात्री ९ ला ट्रान्झिटचा मध्य असेल तर विसाव्या दिवशी सव्वाआठच्या आसपास. आकडा लिहून घेताना चूक होते ती वेळेच्या रूपांतरात. टेसची वेळ बीजेडी (ज्युलियन दिवसांत, म्हणजे जेडीत, सलग मोजलेली वेळ) उणे २४५७०००, तीही सौरमालेच्या वस्तुमानकेंद्रावरची. घड्याळाला आणताना ८ मिनिटांपर्यंतचा प्रकाशप्रवास आणि टीडीबी (त्या केंद्राची वेळ) आणि यूटीसी (जागतिक घड्याळवेळ) यांतला ६९ सेकंदांचा फरक धरा, मग साडेपाच तास मिळवा. आपल्याकडे जेडीचा दिवस संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे एका रात्रीचं सगळं निरीक्षण एकाच आकड्याखाली येतं.