जुना डीव्हीडी, टर्नटेबल, ३ ओहमचे स्पीकर: पंचवीस हजारांत रिसीव्हर कोणता? (सोलापूर)

जुळे_सोलापूर:
नमस्कार. हॉल १२ बाय १४ फूट. एकाच खोक्यात आलेल्या ५.१ होम थिएटरचं मुख्य युनिट बंद पडलंय. पाच छोटे स्पीकर (मागे ३ ओहम लिहिलंय) आणि सबवूफर चांगले आहेत. सबवूफरला पॉवर कॉर्ड नाही, नुसती स्पीकर वायर येते. शिवाय कोॲक्सियल (डिजिटल आवाजाचं) आणि सहा आरसीए (साधे ॲनालॉग) आउट असलेला डीव्हीडी प्लेयर, कॅसेट डेक, प्री-ॲम्प नसलेला टर्नटेबल (एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची सुई-कार्ट्रिज), सेट-टॉप बॉक्स आणि एचडीएमआय स्टिक. टीव्ही जुना ४० इंची एलसीडी: दोन एचडीएमआय, एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच परत आणणारी सोय) नाही, ऑप्टिकल आउट आहे. यामाहा आरएक्स-व्ही३८५ हा रिसीव्हर (सगळी उपकरणं जोडून स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) डोळ्यासमोर आहे. सगळं जुळेल का, की सेकंड हँड बघू?

ओहम_मीटर:
आधी स्पीकरचं बघा, खरी अडचण तिथे आहे. व्ही३८५ निदान ६ ओहमसाठी बनवलाय. त्याला ३ ओहम जोडलेत तर त्याच आवाजाला दुप्पट करंट ओढला जातो, आउटपुट तापतं आणि ऐन गाण्यात प्रोटेक्शन लागून रिसीव्हर बंद पडतो. मेनूतल्या ६ ओहमच्या सेटिंगवर विसंबू नका, त्यानं ३ ओहमचा स्पीकर ६ ओहमचा होत नाही.

मार्ग आहे. चार छोटे स्पीकर मागे वापरा, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, सिरीजमध्ये: रिसीव्हरच्या प्लसपासून पहिल्याचा प्लस, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस परत रिसीव्हरला. ३ अधिक ३, झाले ६. पाचवा बाजूला ठेवा. पुढे ६ किंवा ८ ओहमची बुकशेल्फ जोडी घ्या आणि सेंटर (मधला स्पीकर) सध्या मेनूत ‘नन’ करा. संवाद पुढच्या दोघांतून मधोमध ऐकू येतात. बजेट आखतानाच या जोडीचे पैसे बाजूला काढा. नुसत्या रिसीव्हरवर पंचवीस हजार घालवू नका.

सबवूफर थेट लागणार नाही. रिसीव्हरच्या ‘सब आउट’ला लाइन लेव्हलचा सिग्नल असतो, त्यात वूफर हलवायची ताकद नसते. तो वाचवायचा असेल तर टीपीए३११६ चिपचं मोनो ॲम्प्लिफायर बोर्ड आणि २४ व्होल्ट ५ अँपिअरचा सप्लाय घ्या. जुना १९ व्होल्टचा लॅपटॉप अडॅप्टरही चालतो, ३ ओहमला ५० वॅटच्या आसपास मिळतात आणि १२ बाय १४ला तेवढे पुरतात. बोर्डाचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं (दोन्ही वायरींत सिग्नल), म्हणून वूफरची कुठलीही वायर ग्राउंडला टेकवायची नाही, बोर्ड जळेल. वेगळा लो-पास फिल्टर (फक्त बास पुढे सोडणारा) लागत नाही, ते काम रिसीव्हर करतो.

नवी_पेठ_आरसीए:
स्पीकरचं झालं, आता मागची भोकं मोजू. व्ही३८५ला चार एचडीएमआय इन, एक आउट, एक ऑप्टिकल, दोन कोॲक्सियल. फोनो (टर्नटेबलचं इनपुट) नाही, कंपोनंट (तीन केबलचं व्हिडिओ) नाही.

डीव्हीडीचे सहा आरसीए विसरा. तसं इनपुट या किमतीत आता देत नाहीत. कोॲक्सियल वापरा. वेगळी महाग केबल नको, पिवळ्या टोकांची साधी व्हिडिओ केबल ७५ ओहमचीच असते. प्लेयरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘एसपीडीआयएफ’ला (डिजिटल आउट) ‘रॉ’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडा. ‘पीसीएम’ राहिलं तर ५.१ डिस्कमधूनही दोनच चॅनल येतात, आणि लोक रिसीव्हरलाच दोष देतात. चित्र मात्र प्लेयरमधून सरळ टीव्हीला न्या, कंपोनंट असेल तर तेच. बजेट रिसीव्हर सहसा जुनं व्हिडिओ एचडीएमआयवर बदलून देत नाहीत, ते कंपोझिटमध्ये आलं की कंपोझिटमधूनच बाहेर जातं.

सेट-टॉप बॉक्स आणि स्टिक टीव्हीला नाही, रिसीव्हरच्या एचडीएमआयला लावा. टीव्हीला लावून ऑप्टिकलनं आवाज परत आणलात तर बरेच जुने टीव्ही त्याचा स्टिरिओ करून टाकतात. म्हणजे एआरसी नसल्यानं तुमचं काही अडत नाही. एआरसी एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आलं, त्याआधीच्या टीव्हीत ते शोधूच नका. ऑप्टिकल फक्त टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरसाठी.

टर्नटेबल आणि रिसीव्हर यांच्यात एमएम फोनो प्री-ॲम्प हवाच. कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, शिवाय रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम दाबलेला असतो. सरळ जोडलात तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येईल. ग्राउंडची वायर प्री-ॲम्पच्या स्क्रूला बांधा, नाहीतर हम्म ऐकत बसाल. डेक लाइन आउटनं लागेल, पण ‘रेक आउट’ (रेकॉर्डिंगसाठीचं आउट) नसल्यामुळे रिसीव्हरमधून कॅसेटवर रेकॉर्डिंग होणार नाही, तेवढं धरून चला.

पंखा_फुल्ल:
सेकंड हँड घेणार असाल तर आधी मागची पट्टी वाचा. १२० व्होल्ट म्हणजे अमेरिकेचा, १०० म्हणजे जपानचा. आपल्या २३०वर लावला की संपला, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरला तर स्वस्ताई उरत नाही. पाऊण तास चालू ठेवून बघा: प्रत्येक एचडीएमआयवर चित्र, प्रत्येक चॅनलला टेस्ट टोन, चालू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा ‘टक्’. गरम झाल्यावर चित्र लुकलुकलं तर एचडीएमआय बोर्ड गेलाय, घेऊ नका.

आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून काचेच्या बंद कपाटात ठेवायचा नाही. वर निदान फूटभर मोकळं. धुळीसाठी चादर टाकता ना, ती चालू करण्याआधी पूर्ण काढा, अर्धी सरकवलीत तरी जाळी झाकलेलीच राहते. हम्म आलाच तर आधी केबलची कोॲक्स वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. थांबला तर हम्म करणारा ग्राउंड लूप तिथला आहे, तिथे आयसोलेटर लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका.

जुळे_सोलापूर:
मल्टिमीटर लावला. छोट्यांचे २.७ ते २.९, वूफर २.८. म्हणजे ३ ओहमच ना? प्लग वेगळ्याच आकाराचे आहेत, कापू का? प्लस कुठला ते वायरवर लिहिलेलं नाही.

ओहम_मीटर:
हो, ३च. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो लिहिलेल्यापेक्षा थोडा कमीच येतो. प्लग कापा, दीड सेंटिमीटर सोला. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा: पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या वायरला तोच स्पीकरचा प्लस, आत गेला तर उलट. मार्करनं खूण करा. पुढची वायर दीड स्क्वेअर एमएम, दोन कोअर, इतक्या अंतराला पुरेशी. मागचे मेनूत ‘स्मॉल’ ठेवा, क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती मर्यादा) १२० हर्ट्झपासून सुरू करा, पातळ वाटले तर १६०. रिसीव्हरचा स्पीकर-मापनाचा माइक लावायच्या वेळी पंखा बंद.