पहिली रीफ टाकी करतोय, खरेदी कुठून सुरू करू?

गोडं_पाणी
मंडळी नमस्कार. सहा वर्षं गोड्या पाण्यातली वनस्पतींची टाकी सांभाळतोय, आता प्रवाळांची समुद्री टाकी करायची आहे. ९०×४५×४५ सेंमीची काच ठरवली आहे, म्हणजे काठोकाठ १८२ लिटर. डोक्यात असलेली यादी: दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग (मुलीने तोच मागितलाय), एक अॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), खाली मश्रूम आणि झोआ ही मऊ प्रवाळं. बजेटचा निम्मा भाग लाईटवर जातोय, कारण सगळे म्हणतात प्रवाळांना लाईट महत्त्वाचा. सम्प (टाकीखालची उपकरणांची दुसरी टाकी) खरंच लागतो का? स्किमर (बुडबुड्यांनी घाण काढणारं यंत्र)? आणि मुलीच्या वाढदिवसाला तीन आठवडे आहेत, तोवर मासे सोडता येतील का?

काचवाला
स्टँडचं आधी बघा. पाणी, काच, खडक, वाळू, खालचा सम्प, सगळं धरून ३०० किलोच्या आसपास जाईल. भिंतीला लागून, लेव्हल लावून ठेवा. भरलेली टाकी नंतर बोटभरही हलवता येत नाही.

खारा_वारा
सम्प घ्या, आणि लाईटचे अर्धे पैसे तिकडे वळवा. प्रवाळाला सगळ्यात जास्त त्रास बदलाचा होतो. म्हणून बदल थांबवणारी उपकरणं आधी, दिसायला सुंदर ती नंतर. मश्रूम आणि झोआला तळाशी ५० ते १०० पार (प्रवाळांना उपयोगी उजेडाचं माप) उजेड पुरतो. मध्यम दर्जाचा निळ्या छटेचा एलईडी त्याला भरपूर झाला, तोही पहिले काही आठवडे मंद ठेवायचा.

सम्पबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझी पहिली टाकी मी इथेच चुकवली. सम्पमधलं पाणी वर टाकीत ढकलणाऱ्या रिटर्न पंपाच्या पाईपाचं तोंड मी टाकीतल्या पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटर ठेवलं होतं, प्रवाह खोल जावा म्हणून. रात्री लाईट गेली. पंप थांबला की पाईपातलं पाणी उलटं वाहायला लागतं आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. तुमच्याच मापाची टाकी होती. ९० गुणिले ४५, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला चार लिटर. वीस लिटर पाणी खाली आलं, सम्पमध्ये जागा होती बाराची. सकाळी कपाटाचं दार उघडलं तर तळाच्या फळीवर खारं पाणी, आणि एक्स्टेन्शन बोर्डाच्या भोकांमध्ये मिठाचे पांढरे दाणे. सुदैवाने लाईट अजून आलेली नव्हती. मुख्य बटण बंद केलं आणि मगच आत हात घातला.

आता तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम एक सेंटिमीटर खाली असतं. सम्पच्या काचेवर मार्करने एक रेघ मारली आहे: पंप चालू असताना पाणी या रेघेच्या वर कधीच नाही. नवी टाकी भरल्या दिवशी पंपाची पिन तीनदा काढून पाहिली, तिन्ही वेळा पाणी काठाच्या चार बोटं खाली थांबलं. तुम्हीही हे मासे येण्याआधी करा. पाईपातल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, त्यात एखादी गोगलगाय अडकली तरी तो बसत नाही. बोर्ड कपाटाबाहेर, भिंतीवर उंच लावा. प्रत्येक वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर सॉकेटकडे गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेला थेंब झोळावरूनच खाली पडतो.

सम्प हवा त्याचं एक कारण बाष्पीभवन. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. टाकी आणि सम्प मिळून तुमच्याकडे १९० लिटर असेल. त्यातलं वीस लिटर उडालं तर खारटपणा दर हजारी ३५ वरून ३९ ला जातो, आणि दिवसाला तीन लिटर उडणं काही विशेष नाही. भरपाई नेहमी गोड्या पाण्याची करायची, खाऱ्याची नाही. ऑटो टॉप-ऑफ (सम्पमधली पातळी पाहून गोडं पाणी आपोआप भरणारं) हे मी चैनीचं उपकरण मानत नाही, स्किमरच्याही आधी घ्या.

पाणी आरओडीआयचंच (गाळून क्षार काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. नळाच्या पाण्यातल्या फॉस्फेट-सिलिकेटवर शेवाळ पोसतं. मीठ वेगळ्या पिंपात पंप लावून कालवा, लिटरला साधारण ३६ ग्रॅम, आणि खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्याला जुळवला तर वरच्या टोकाला फसवू शकतो.

हीटर एक मोठा घेण्याऐवजी दोन छोटे घ्या, आणि त्यांच्यावर वेगळा कंट्रोलर. हीटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालूच राहतो. दोन छोट्यांपैकी एक अडकला तर पाणी उकळायला लागण्याआधी तुम्हाला कळायला वेळ मिळतो. २५-२६ अंश पुरे. स्किमर ठेवा, बुडबुड्यांबरोबर घाण वर येते आणि पाण्यात ऑक्सिजनही मिसळतो. पण दोन मासे आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणीबदल एवढ्यावर तो सहा महिन्यांनी आणलात तरी चालेल. एक बॅटरीवरचा एअरपंप मात्र पहिल्या दिवसापासून हवा. लाईट गेली की थंडीच्या कितीतरी आधी ऑक्सिजन संपतो.

तीन आठवड्यांचं विसरा. कोरडा खडक असेल तर माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. अमोनिया २ पीपीएमपर्यंत टाका. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले की टाकी तयार. मध्ये वाळूवर तपकिरी थर येईल, घाबरून औषध ओतू नका, बहुतेक वेळा तो आपोआप ओसरतो.

गोडं_पाणी
सम्पचं हे गणित कोणी सांगितलंच नव्हतं, मनापासून आभार. ब्लू टँगचं काय करू? लहान आणला तर चालेल ना? आणि क्लाउनला अॅनिमोन लागतोच ना?

खारा_वारा
ब्लू टँग आणू नका. तो ३० सेंमीपर्यंत वाढतो आणि दिवसभर लांब पल्ल्याने पोहतो. ९० सेंमीत त्याला नीट वळताही येणार नाही. लहान आणला तरी तो लहान राहत नाही. मुलीला क्लाउनची जोडी दाखवा, टाकीतच जन्मलेली पिल्लं मिळतात. दोन्ही लहान घ्या. त्यातला वरचढ मासा पुढे मादी होतो, दुसरा नर राहतो, आणि हे तिच्या डोळ्यांसमोर घडेल. माझ्या मुलाने वहीत दोघांची लांबी मांडून ठेवली होती.

अॅनिमोनशिवाय क्लाउन मजेत राहतात. अॅनिमोन चालतो, आवडती जागा सापडेपर्यंत फिरत राहतो, आणि फिरता फिरता वेव्हमेकरमध्ये (पाण्यात प्रवाह करणारा पंखा) ओढला गेला तर सगळं पाणी नासतं. टाकीला वर्ष होऊ द्या.

मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवून तपासा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग रीफमध्ये शिरला तर तिथे तांब्याचं औषध टाकता येत नाही, प्रवाळ आणि कोळंबी मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून मुख्य टाकी साधारण अडीच महिने माशांशिवाय ठेवावी लागते.

पोवळं
झोआबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. काही झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, फार जहाल विष आहे ते. फ्रॅग म्हणजे तुकडे कापताना, घासताना हातमोजे आणि चष्मा घालाच, आणि झोआ चिकटलेला खडक कधीही उकळू नका. वाफेतून घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. मुलगी टाकीत हात घालणार असेल तर सुरुवात फक्त मश्रूमने करा.

आणखी एक: पुढे कठीण प्रवाळ घ्याल तेव्हा ते कुणीतरी टाकीत वाढवलेल्या वसाहतीचा तुकडा आहे ना ते विचारा, आणि तुमच्याकडे ते पाळायला कायद्याने परवानगी आहे का तेही आधी पाहा. सगळी कठीण प्रवाळं वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

गोडं_पाणी
ठरलं. टँग आणि अॅनिमोन यादीतून काढले, झोआ सध्या नाहीत. वाढदिवसाला मुलीला रिकामी टाकी, खडक आणि टेस्ट किट देतोय. अमोनिया रोज तीच मोजणार. पिन तीनदा काढून पाहिली की इथे आकडे टाकतो.