प्रति: क्रिस्टोफ्लचे चमचे अस्सल चांदीचे का?

वर कोणीतरी विचारलंय, क्रिस्टोफ्ल या फ्रेंच कंपनीचे चमचे अस्सल चांदीचे असतात का? बहुतेक चांदीचा मुलामा दिलेले असतात, पण त्यात कमीपणा काही नाही. १८३० मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या या घराण्याचं मोठेपण नेमकं त्या मुलाम्यातच आहे. संस्थापक शार्ल क्रिस्टोफ्ल मूळचे दागिने घडवणारे. १८४२ मध्ये त्यांनी विजेने मुलामा चढवण्याचे फ्रान्समधले हक्क घेतले. चमचा चांदीच्या क्षाराच्या द्रावणात टांगायचा, वीज सोडायची, की चांदीचा पातळ थर बसतो. मध्यमवर्गीयांच्या टेबलावर चांदी आली ती यामुळे! १८६३ मध्ये शार्ल गेल्यावर मुलगा पॉल आणि भाचा आंरी बुइये यांनी कारभार सांभाळला. बुइये रसायनाचे जाणकार, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. तुमच्या चमच्याची पाठ बघा, टेकते तिथेच मुलामा आधी झिजतो.