लॉजच्या बाथरूममध्ये डिस्पेन्सर लावावेत की पुड्या-वड्याच बऱ्या?

बसस्टँडजवळचा_लॉज (बेळगाव)

नमस्कार मंडळी. मध्यवर्ती बसस्टँडजवळ 24 खोल्यांचा लॉज आहे. सध्या प्रत्येक पाहुण्याला 15 ग्रॅमची साबणाची वडी आणि शाम्पूची एक पुडी देतो. वर्षाची सरासरी धरली तर 60 टक्के खोल्या भरलेल्या असतात, खोलीत दोघे. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असलं की सगळं फुल्ल. आता बाथरूमच्या टाइल्स बदलायला काढल्यात, भिंती उघड्या आहेत, तेव्हा भिंतीवरचे, दाबून शाम्पू-साबण काढायचे डिस्पेन्सर बसवायचे असतील तर हीच वेळ. खर्च खरोखर वाचतो का? कुठला प्रकार घ्यावा? भरायचे कसे? आणि 2022 च्या प्लास्टिकबंदीत पुड्या येतात की नाही, दोघांनी दोन वेगळं सांगितलंय. अनुभवी लोकांनी नीट सांगा की.

हाउसकीपिंग_टिळकवाडी

आधी पैशाचं बोलू, बहुतेकांची गल्लत तिथंच होते. परदेशातल्या मोठ्या हॉटेल साखळ्या डिस्पेन्सरकडं वळल्या. कॅलिफोर्नियात तर 50 पेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना 1 जानेवारी 2023 पासून प्लास्टिकच्या छोट्या बाटल्या देता येत नाहीत. पण तिथं तुलना होती 30 मिलीच्या बाटलीशी. पाहुणा त्यातलं पाच-सात मिली वापरतो आणि उरलेलं बाटलीसकट कचऱ्यात जातं. आपल्याकडं पुडी आहे. तिच्यात एका न्हाण्यापुरतं पाच-सहा मिलीच असतं, आणि मिलीच्या हिशेबानं पुडीतला शाम्पू कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. त्यामुळं शाम्पूत पैसे वाचतील ही आशा सोडा.

तुमचाच हिशेब घ्या. 24 खोल्या, 60 टक्के, दोघे, 30 दिवस म्हणजे महिन्याला साधारण 860 पाहुणे. पुड्यांतनं पाचेक लिटर शाम्पू जातो. डिस्पेन्सर लावला तरी पाहुणा तीन-चार वेळा दाबतो, एका दाबाला दीड-दोन मिली, म्हणजे तेवढाच. साबणाचं वेगळं आहे. एक रात्र राहणारा 15 ग्रॅमच्या वडीतले चार-पाच ग्रॅम वापरतो, बाकीचे दहा ग्रॅम फेकले जातात. महिन्याला साडेआठ किलो चांगला साबण कचऱ्यात! पण त्याजागी बॉडीवॉश लावला तर माणशी दहा-बारा मिली जातो, म्हणजे महिन्याला नऊ-दहा लिटर. वडीपेक्षा तो महाग पडू शकतो. तुमच्या पुरवठादाराचा पाच लिटरच्या कॅनचा भाव यात घालून बघा. भाव धरताना जीएसटीसकट धरा, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के कर आहे, पण खरेदीवरचा कर वजा करून मिळत नाही.

मग डिस्पेन्सर का लावायचा? नहाणीच्या जाळीसाठी, मी तर म्हणेन. पुडी फाडली की तिचा नखाएवढा कोपरा खाली पडतो, ओला होऊन फरशीला चिकटतो, रूमबॉयला दिसत नाही. तो जाळीच्या भोकातनं आत जातो आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी साठून राहणाऱ्या भागात, केसांच्या गुंत्यात अडकतो. महिन्याला 860 पुड्या म्हणजे 860 कोपरे. पाणी तुंबायला हेही एक कारण असतं.

बंदीचं: 1 जुलै 2022 पासून बंद झालेल्या यादीत शाम्पूच्या पुड्या किंवा छोट्या बाटल्या नाहीत. गुटखा-तंबाखूच्या प्लास्टिक पुड्यांवरची बंदी वेगळी, 2016 च्या नियमांतली. तुम्हाला दोघांनी दोन सांगितलं ते बहुधा त्यामुळंच. पण त्या यादीत प्लास्टिकच्या काडीचे इअरबड आहेत, आणि खोलीत ठेवायच्या किटमध्ये ते हमखास असतात. प्लास्टिकचे कप, स्ट्रॉ, चहा ढवळायच्या काड्याही आहेत. ते बघून काढा.

साबण_केमिस्ट (चिक्कोडी)

वरचा हिशेब बरोबर आहे. मला भरण्याबद्दल सांगायचंय, कारण डिस्पेन्सर वाईट ठरतो तो तिथंच.

बाजारात तीन प्रकार मिळतात. एक, भिंतीला कायमचा बसवलेला डबा, वरचं झाकण उघडून ओतायचं. दोन, भिंतीवर कुलपाचं ब्रॅकेट आणि त्यात अख्खी निघणारी बाटली. तीन, कारखान्यात सील केलेली बाटली किंवा पिशवी, संपली की पंपासकट बदलायची. पहिला प्रकार सगळ्यात स्वस्त, आणि तोच घेऊ नका. तो कधी पूर्ण रिकामा होत नाही, धुता येत नाही, मग त्यात वरनं भर घालत राहतात. तळाला जुनं, वर नवं. आतल्या भिंतीला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. अमेरिकेत सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या हात धुण्याच्या साबणाची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2011 मध्ये छापून आले: वरनं भरायच्या उघड्या डिस्पेन्सरपैकी साधारण चारात एक जंतूंनी भरलेला निघाला. असे डबे ब्लीचनं धुतले तरी दोनेक आठवड्यांत जंतू परत वाढतात, हेही तपासून झालंय. स्युडोमोनास, सेरॅशियासारखे हे जंतू धडधाकट माणसाला सहसा काही करत नाहीत. जखम असलेल्याला, म्हाताऱ्याला, तान्ह्याला करू शकतात.

दुसरा घोटाळा पाणी घालण्याचा. शाम्पूत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं संरक्षक द्रव्य ठरलेल्या प्रमाणात असतं. पाणी घातलं की ते पातळ होऊन निकामी होतं, शिवाय टाकीच्या पाण्याबरोबर नवे जंतू आत जातात. शाम्पूचा दाटपणाही बहुतेकदा मिठावर जुळवलेला असतो. थोडंसं पाणी पडलं तरी तो एकदम पाण्यासारखा होतो, पंपाच्या झडपेतनं थेंब-थेंब गळतो आणि टाइलवर रेघ उमटते. कुठं डिस्पेन्सर गळत असेल तर पंप बदलायच्या आधी कॅनमध्ये कोणी पाणी घातलंय का ते विचारा. एक थेंबसुद्धा घालायचा नाही, हे कामगारांना बजावून सांगा.

म्हणून दुसरा प्रकार घ्या, 300 मिलीचा. 500 चा नको. तुमच्या गर्दीत एका खोलीत दिवसाला सरासरी सात मिली शाम्पू आणि चौदा मिली बॉडीवॉश जाईल. म्हणजे शाम्पूची बाटली सहा आठवड्यांत संपेल, बॉडीवॉशची तीन. बाटली मोठी असेल तर महिनोन्‌महिने तीच राहते आणि धुणं टळतं.

खोलीत कधीच भरू नका. संपलेली बाटली काढायची, भरलेली लावायची, धुणं-भरणं खाली एकाच ठिकाणी. 48 बाटल्या भिंतीवर असतील तर आणखी 12 फिरत्या हव्यात. धुण्याची रीत: उरलेलं ओतून टाका, बाटली गरम पाण्यानं खळबळा, पंप गरम पाण्यात बुडवून वीसेक वेळा दाबा. मग ब्लीचचं पाणी. लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्के असेल तर लिटरला 10 मिली, 4 टक्के असेल तर साडेबारा. बाटलीत भरा, पंपातनंही चार-पाच वेळा काढा, दहा मिनिटं ठेवा. मग पिण्याच्या पाण्यानं ब्लीचचा वास जाईपर्यंत धुवा आणि उपडी ठेवून पूर्ण वाळवा. रात्रभर ब्लीचमध्ये ठेवू नका, पंपाची स्प्रिंग गंजते. ब्लीचचं पाणी रोजचं रोज करा. संडास साफ करायच्या अॅसिडजवळ ते अजिबात नेऊ नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

अथणी-गोकाककडच्या बोअरच्या पाण्याला आणखी एक सांगतो. नोझलवर पांढरी खपली धरते. अर्धी वाटी पाण्यात अर्धा चमचा लिंबूफूल (सायट्रिक अॅसिड) घालून पुसा, पण ब्लीचच्या दिवशी नको.

खानापूर_होमस्टे

पावसाळ्याचं कोणी बोललं नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडं साबणाची वडी सुकतच नाही, साबणदाणीत तिचा लगदा होतो, त्यामुळं डिस्पेन्सर इथं खरंच सोयीचा. अडचण एवढीच की धुतलेल्या बाटल्याही वाळत नाहीत, आणि ओल्या बाटलीत भरलं तर वर सांगितलेलं सगळं वाया. यावर दोन उपाय: फिरत्या बाटल्या चौथा हिस्सा न ठेवता दुप्पट संच ठेवायचा, आणि जाळीच्या रॅकवर उपड्या घालून खालनं टेबलफॅन लावायचा. पंप वेगळे काढून, दांडा वर ओढून ठेवायचे. आत पाण्याचा थेंब दिसतोय तोवर झाकण लावायचं नाही. एवढं जमणार नसेल तर पावसाचे चार महिने सरळ सीलबंद बाटल्या घ्या.

सौंदत्ती_यात्रीनिवास

मी थोडं वेगळं सांगते. सगळ्या खोल्यांना डिस्पेन्सर हे जत्रेच्या गावी चालत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला आणि माघात भारत पौर्णिमेला यल्लम्माला आलेले भाविक एका खोलीत सहा-आठ जण असतात. अंगभर भंडारा, त्यामुळं माणशी दुप्पट बॉडीवॉश. त्यात कपडेही त्यानंच धुतले जातात, तेव्हा 300 मिलीची बाटली एका दिवसात रिकामी होते. बाटली रिकामी दिसली की पाहुणा चिडणारच, त्यात त्याची काय चूक? अशा दिवसांत वड्या आणि पुड्या काउंटरला ठेवाव्यात आणि मागेल त्याला द्याव्यात. न मागता खोलीत ठेवल्या की न वापरलेल्याही फोडल्या जातात. आपला साबण घेऊन येणारे पुष्कळ असतात, ते मागतच नाहीत. एवढ्या एका बदलानंच खप उतरतो.

बाटलीवर नाव मात्र ठळक हवं: कन्नड, मराठी, इंग्रजी, आणि सोबत केसांचं किंवा अंगाचं चित्र. चष्मा काढून न्हाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बारीक अक्षर दिसत नाही.

बसस्टँडजवळचा_लॉज (बेळगाव)

सगळ्यांचे आभार. कुलपाचं ब्रॅकेट आणि 300 मिली हे ठरलं. अधिवेशनाच्या दिवसांसाठी काउंटरला पुड्या ठेवीन. भिंतीवर किती उंचीला लावायचं? आणि चिकटटेपवर चालेल का, नव्या टाइल्सना भोकं पाडायला जीव होत नाही.

नळकाम_शहापूर

टेप नको. ओल्या टाइलवर गरम वाफेनं तो सुटतो आणि बाटली पाहुण्याच्या पायावर पडते. भोकंच पाडा.

उंचीचं बघा: शॉवरखाली उभ्या माणसाला 115-120 सें.मी. बरं पडतं. पण आपल्याकडं निम्मे पाहुणे बादली-मग घेऊन, स्टुलावर बसून न्हातात. त्यांना तेवढ्या उंचीला दर वेळी उठावं लागतं, ओल्या फरशीवर ते धोक्याचं. म्हणून जमिनीपासून नोझलपर्यंत 95-100 सें.मी. धरा, दोघांनाही जमतं. जागा शॉवरच्या झोताखाली नको, बाजूच्या भिंतीवर, बादलीच्या नळापासून हाताच्या अंतरावर. झोत पडला तर पंपाच्या दांड्यावरनं पाणी आत उतरतं, म्हणजे न घालता पाणी घातल्यासारखंच झालं.

भिंती उघड्या आहेत तोवर प्रत्येक बाथरूमचा मोजायचा टेप धरून फोटो काढून ठेवा, पाइप कुठनं गेलेत ते कळायला. गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाच्या सरळ वर-खाली कधी ड्रिल मारायचं नाही. टाइलच्या कडेपासून दोनेक सें.मी. आत, मास्किंग टेप लावून, टाइल बिटनं आधी भोक. टाइल पार होईस्तोवर ड्रिलचा हॅमर बंद. मग 6 मिमी प्लग, भोकात सिलिकॉन, आणि 304 स्टीलचे स्क्रू. साधे स्क्रू वर्षभरात गंजून टाइलवर तांबडे ओघळ येतात. सिलिकॉन 24 तास वाळू द्या, मगच पाणी.

हाउसकीपिंग_टिळकवाडी

ब्रॅकेटची किल्ली सुपरवायझरकडंच ठेवा, प्रत्येक रूमबॉयच्या खिशात नको. आत काय आहे याची खात्री पाहुण्याला त्या कुलपामुळंच वाटते. दर चेकआउटला रूमबॉयनं तीनच गोष्टी करायच्या: एकदा दाबून बघणं, नोझल पुसणं, पातळी बघणं. बाटलीच्या खिडकीत दोन बोटांपेक्षा कमी दिसलं तर बदलायची. रंग, वास किंवा दाटपणा वेगळा वाटला तर पातळी न बघताच काढायची. भरलेल्या बाटलीच्या तळाला भरल्याची तारीख आणि कॅनचा बॅच नंबर चिकटवा, म्हणजे तक्रार आली तर त्या कॅनच्या सगळ्या बाटल्या लगेच काढता येतात.

ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला एकच विचारा: पंप सुटे मिळतात का, आणि कुठल्या मापाचे. बाटली वर्षानुवर्षं टिकते, पहिल्यांदा जातो तो पंप. सुटा मिळत नसेल तर एका पंपापायी अख्खा डिस्पेन्सर भिंतीवरनं उतरवावा लागतो आणि नव्याची भोकं जुन्याशी जुळत नाहीत. 48 बाटल्यांमागे सहा पंप आधीच जास्तीचे घेऊन ठेवा. फेस येणारे पंप घेऊ नका, त्यांना पातळ द्रव लागतो, साध्या शाम्पूनं ते जाम होतात.